मान मोठा की माणूस? छोटी गाडी घेताना केलेली घरगुती पारख

बुलडाणा जिल्ह्यातल्या नोकरदार घरांत हल्ली एक विषय वारंवार निघतो. शिक्षक असोत, बँकेतले लिपिक असोत, एस. टी.तले वाहक असोत की आरोग्य खात्यातल्या परिचारिका, चहाला चार माणसे जमली की कुणीतरी विचारतेच, "गाडी कोणती घ्यावी?" आपल्या आजोबांच्या काळी वस्तीत ज्याच्या दारी सायकल, तो सुखवस्तू समजला जाई. पुढे लुना आली, मोटारसायकल आली. आता चारचाकीची पाळी आहे. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या बळावर हा दिवस आला आहे आणि त्याचा आनंद वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

परंतु या आनंदाच्या भरात एक गोष्ट राहून जाते. घर बांधताना आपण दहा जणांना विचारतो, जागा पाहतो, गवंडी पाहतो, सिमेंट कोणते याची चौकशी करतो. गाडी मात्र मेहुण्याने घेतली म्हणून किंवा पांढरा रंग आवडला म्हणून घेतली जाते. वास्तविक पाहता घराखालोखाल मोठा खर्च गाडीचाच. शिवाय घराची किंमत वाढते, गाडीची पहिल्या दिवसापासून उतरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईवडील, लेकरे असे सारे कुटुंब एकाच वेळी त्या चार चाकांच्या हवाली होते. म्हणून हा विषय कौटुंबिक पानावर येणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते. आम्ही स्वतः गेले काही महिने ही पारख केली. ती जशी केली तशी वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

गरज आधी, गाडी नंतर

आमचे घर पाच माणसांचे. आम्ही दोघे नोकरीवर, बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, आईचे गुडघे दुखतात आणि डोळ्यांचे उपचार चालू आहेत. मुलगी नागपूरला शिकते. आईला महिन्यातून एकदा धाड, भोकरदनमार्गे छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. मुलीला आणायला-सोडायला नागपूरच्या खेपा होतात. बुलडाणा शहराला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. एरवीचा प्रवास म्हणजे चिखलीची बँक, देऊळगाव राजाचे नातेवाईक आणि लग्नकार्ये.

हे सारे आम्ही प्रथम वहीत लिहून काढले. महिन्याला सरासरी ८०० किलोमीटर धावणे निघाले. त्यातले निम्मे घाटाचे आणि हमरस्त्याचे. ही नोंद करायला एक संध्याकाळ लागली, पण पुढचे सगळे निर्णय तिनेच सोपे केले. ज्या घरात गाडी फक्त गावातल्या गावात फिरणार आहे, त्यांची गरज वेगळी. ज्यांना आठवड्याला खामगाव-अकोला करायचे आहे, त्यांची वेगळी. शेजाऱ्याची गरज आपल्या वहीत उतरवून घेऊ नये.

मग बाबांचा मुद्दा आला. त्यांचे म्हणणे सरळ होते. "घ्यायचीच तर मोठी घ्या. माझे निवृत्तीचे पैसे पडलेच आहेत. गावात गेलो की लोकांनी वळून पाहिले पाहिजे." या बोलण्याला हसण्यात अर्थ नाही. ज्या माणसाने लहानपणी गावच्या बैलगाडीत बसायला जागा मिळते की नाही याची धास्ती घेतली, त्याच्या मनात मोठ्या गाडीची हौस असणारच. तो चैनीचा हव्यास नव्हे, ती जुन्या अपमानाची परतफेड आहे. तरीही या भावनेच्या आहारी जाऊन काय होऊ शकते, हे आपल्याला दुसऱ्या कुणी नव्हे, खुद्द बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे.

चाळीसगावचा टांगा

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी वाहनाशी निगडित दोन प्रसंग लिहिले आहेत. पहिला १९०१ चा. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली लहान मुले मसूर स्थानकावर उतरली आणि जात कळताच त्यांना कोणी गाडीवान नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे.

दुसरा प्रसंग १९२९ चा आणि आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या चाळीसगावचा. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. दौऱ्यावरून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्थानकावर आलेल्या महार मंडळींनी रात्री मुक्कामाचा आग्रह केला. पण वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे मंडळींना बरे वाटेना. तेव्हा टांगा भाड्याने घेण्यात आला आणि टांगेवाल्याऐवजी वस्तीतलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. वाटेतल्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब उसळून फरशीवर पडले, घोडा आणि टांगा पुलावरून खाली कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला आणि त्यांना बरेच दिवस अंथरुणावर काढावे लागले.

पुढे हकिकत कळल्यावर बाबासाहेबांनी त्या साध्या माणसांवर राग धरला नाही. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याच्या जिवाची काळजी राहून गेली, एवढेच त्यांनी नमूद केले. अपराध टांगा नाकारणाऱ्या समाजाचा होता. पण धडा आपल्यासाठी आहे. मानाचा प्रश्न खरा असला तरी त्याची किंमत पाय मोडून, जीव गमावून द्यायची नसते.

बाबांनी हा प्रसंग आयुष्यभर व्याख्यानांतून सांगितला आहे. त्या रात्री त्यांनी तो पुन्हा काढून वाचला. सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, "ठीक आहे. आधी माणूस, मग मान. पण घेताना नीट पाहून घ्या." तिथून आमची खरी पारख सुरू झाली.

दोनच गाड्या कशा उरल्या?

आमची ऐपत सहा-सात लाखांची. या किमतीत सध्या छोट्या गाड्यांचीच निवड करावी लागते. आपल्या देशात छोट्या गाडीला कराची सवलत असते, पण तिला व्याख्या आहे. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोलचे इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत. २००६ च्या अर्थसंकल्पापासून ही रेघ ओढली गेली आणि तेव्हापासून कारखानदार या रेघेच्या आतच गाड्या बसवीत आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे या वर्गातल्या किमती एकदम खाली आल्या.

चौकशीअंती दोन नावे उरली. एक मारुतीची वॅगन आर, दुसरी टाटांची टियागो. वॅगन आर भारतात डिसेंबर १९९९ मध्ये आली. तिचा आजचा अवतार जानेवारी २०१९ चा. टियागो एप्रिल २०१६ ची. तिचे नाव आधी 'झिका' ठरले होते. परंतु त्याच वेळी झिका विषाणूची साथ जगभर गाजू लागली आणि कंपनीला नाव बदलावे लागले. करकपातीनंतर दोन्ही गाड्यांच्या सर्वांत साध्या नमुन्यांची एक्स-शोरूम किंमत पाच लाखांच्या आत आली. म्हणजे पैशाच्या दृष्टीने दोघी शेजारणीच. वॅगन आरचे मोठे इंजिन ११९७ घनसेंटिमीटरचे, टियागोचे ११९९ चे. सरकारी रेघेला अगदी चिकटून!

आईच्या गुडघ्यांची परीक्षा

गाडी पाहायला घरच्या सर्वांना घेऊन जावे, हा आमचा पहिला आग्रह. एकट्या कर्त्या पुरुषाने जाऊन पैसे भरून यायचे दिवस आता गेले. आईने शोरूममध्ये पाय ठेवताच विक्रेत्याला सांगून टाकले, "मले गाडीचं नाव नोका सांगू. गुडघे न दुखवता बसता येते का, थे दाखवा."

या परीक्षेत वॅगन आर सरस ठरली. तिची उंची १,६७५ मिलिमीटर, टियागोची १,५३५. म्हणजे साडेपाच इंचांचा फरक. वॅगन आरचे आसन खुर्चीसारखे उंच असल्याने नऊवारी नेसलेल्या बाईलाही वाकावे लागत नाही. दार उघडले की सरळ बसता येते. टियागोत थोडे खाली उतरल्यासारखे बसावे लागते आणि उठताना दाराचा आधार घ्यावा लागतो. आईने दोन्ही गाड्यांत तीन-तीनदा बसून पाहिले. आधी आसनावर टेकायचे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, ही युक्ती तिने तिथेच शोधून काढली.

सामानाच्या जागेतही वॅगन आर पुढे. तिची डिकी ३४१ लिटरची, टियागोची २४२ लिटरची. लग्नाला जाताना दोन पेट्या, एक पिशवी आणि पाण्याचा कॅन यांचा हिशेब केला तर हे अंतर चांगलेच जाणवते. रुंदीत मात्र टियागो पुढे. १,६७७ मिलिमीटर विरुद्ध १,६२०. मागे तीन मोठी माणसे बसली की हे दोन इंच खांद्याला कळतात. लांबी वॅगन आरची ३,६५५ आणि टियागोची ३,७६५ मिलिमीटर. दोघीही अरुंद बोळात वळतात.

राजूर घाटात इंजिन बोलते

सपाट रस्त्यावर रिकामी गाडी सगळीच छान चालते. आमच्या अनुभवाने सांगतो, चाचणीची फेरी घेताना घरातली पाचही माणसे बसवा, थंड हवेचे यंत्र चालू ठेवा आणि चढावर न्या. एका विक्रेत्याला हे काही रुचले नाही. "सगळे जण बसपोर्टपर्यंतच फेरी घेतात," असे तो म्हणाला. आम्ही शांतपणे सांगितले की आमचे रोजचे जाणे बसपोर्टला नसून मोताळ्याला आहे. अखेर राजूर घाटाची फेरी मिळाली.

वॅगन आर दोन इंजिनांत मिळते. लहान इंजिन १ लिटरचे, तीन सिलिंडरचे, सुमारे ६७ अश्वशक्तीचे. मोठे १.२ लिटरचे, चार सिलिंडरचे, सुमारे ९० अश्वशक्तीचे. टियागोचे १.२ लिटरचे इंजिन तीन सिलिंडरचे आणि ८६ अश्वशक्तीचे. शहरात एकट्या-दुकट्याला लहान इंजिन पुरते. परंतु पाच माणसे, सामान आणि घाट असेल तर आमच्या मते वॅगन आर घेणाऱ्याने मोठेच इंजिन घ्यावे. चार सिलिंडरमुळे ते उभ्या गाडीतही शांत असते. टियागो उभी असताना तीन सिलिंडरची थरथर पायाला जाणवते. पण घाट चढताना ती दमली नाही, आणि उतरताना वळणावर अधिक स्थिर वाटली. तिचे वजन वॅगन आरपेक्षा शंभरेक किलोने जास्त आणि उंची कमी, त्याचा हा परिणाम. उंच आणि हलकी गाडी मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून ट्रक गेल्याने किंचित हलते, हे ध्यानात ठेवावे.

येथे एक सूचना. घाट उतरताना गाडी कोणतीही असो, इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवू नये. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. नुसत्या ब्रेकवर उतरले तर ब्रेक तापून कुचकामी होतात.

चांदण्या मोजा, पण समजून

आता सर्वांत गंभीर मुद्दा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले. ती बस होती, छोटी गाडी नव्हे. पण त्या रात्रीपासून आमच्या घरात या रस्त्याचे नाव निघाले की आई गप्प होते. मुलगी नागपूरला आणि रस्ता हाच. तेव्हा गाडीची मजबुती हा आमच्या लेखी वादाचा विषय नव्हता, तो पहिला विषय होता.

गाडी आदळवून तिची परीक्षा घेणारी ग्लोबल एनकॅप नावाची संस्था आहे. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवतात, आत माणसाएवढे बाहुले बसवतात आणि त्यांना झालेल्या इजेवरून शून्य ते पाच तारे देतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी २ तारे मिळाले. जानेवारी २०२० मध्ये टियागोला मोठ्यांसाठी ४ आणि मुलांसाठी ३ तारे मिळाले. २०२२ मध्ये परीक्षेचे नियम कडक झाले. त्या कडक नियमांखाली एप्रिल २०२३ मध्ये वॅगन आरला मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठी शून्य तारा मिळाला.

येथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. टियागोचे ४ आणि वॅगन आरचा १ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे बरोबर नाही, कारण एक परीक्षा जुन्या नियमांची आणि दुसरी नव्या. जुन्या नियमांतले २ आणि ४ हीच योग्य जोडी. दुसरी गोष्ट, २०२५ मध्ये वॅगन आरच्या सर्व नमुन्यांत सहा एअरबॅग देण्याचे कंपनीने जाहीर केले. वरच्या परीक्षांतल्या गाड्यांत त्या नव्हत्या. एअरबॅग म्हणजे डोक्याखाली धरलेली उशी. ती मोलाची आहे. पण उशी कितीही चांगली असली तरी घराच्या भिंती पक्क्या हव्यात. सांगाडा आणि एअरबॅग या दोन्हींचा विचार करावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत सरकारचीही 'भारत एनकॅप' ही स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. ज्या दिवशी गाडी घ्याल त्या दिवशी त्या नमुन्याला ताजे तारे कोणते आहेत, ते विक्रेत्याला विचारा आणि कागदावर दाखवायला सांगा.

आणखी एक हिशेब डोक्यात असावा. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. चाचणी मात्र ६४ ला होते. वेग दुप्पट झाला की धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. ६४ च्या तुलनेत १२० च्या वेगाला साडेतीन पट जोर बसतो. म्हणजे पाच तारे असले तरी ते १२० ला आपले रक्षण करतीलच असे समजू नये. छोट्या गाडीने समृद्धीवर ९० च्या आसपास राहावे, दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, सरळ रस्त्यावर डोळ्यांवर येणारी झापड ओळखावी, आणि निघण्यापूर्वी टायरची हवा थंड असताना तपासावी. आपल्याकडे घाटाखाली मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या घरात जातो. तापलेल्या काँक्रीटवर झिजलेला टायर फुटायला वेळ लागत नाही.

मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधलाच पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. गाडी महागडी होती, पण मागच्या आसनावर त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. पैशाने विकत घेतलेली सुरक्षितता न वापरता तशीच पडून राहिली, तर तिचा उपयोग काय?

पेट्रोलचा हिशेब

सरासरीच्या बाबतीत वॅगन आर पुढे आहे. कंपनीच्या कागदावर तिच्या लहान इंजिनाला लिटरमागे २४.३५ आणि मोठ्याला २३.५६ किलोमीटर दिलेले आहेत. टियागोचा आकडा विसाच्या आसपास. रस्त्यावर, घाटात आणि थंड हवेचे यंत्र लावून दोन्हींतून चार-पाच वजा करा. आम्ही वॅगन आरसाठी १८ आणि टियागोसाठी १५ धरले. महिन्याला ८०० किलोमीटरला एकीला साडेचव्वेचाळीस लिटर, दुसरीला सव्वात्रेपन्न. म्हणजे सुमारे नऊ लिटरचा फरक. पेट्रोल १०५ रुपये धरले तर महिन्याला साडेनऊशेच्या आत, वर्षाला अकरा हजारांच्या वर. हा फरक लहान नाही. तो लपवून कोणी टियागो घेऊ नये.

गॅसवर, म्हणजे सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या दोन्ही कंपन्या देतात. वॅगन आरचा गॅसचा आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर आहे. पण तिची टाकी डिकीची बरीच जागा खाते. टाटांनी टियागोत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवून थोडी जागा राखली आहे. गॅसची गाडी पेट्रोलपेक्षा महाग असते. तेव्हा किमतीतला फरक भागिले महिन्याची बचत, असा भागाकार करून किती महिन्यांत पैसे वसूल होतात ते पाहावे. आणि त्याहीआधी आपल्या नेहमीच्या वाटेवर गॅसचा पंप कुठे आहे, तिथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन पाहावे.

हप्त्याचे गणित

शोरूमच्या पाटीवरची किंमत म्हणजे अर्धे सत्य. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी ११ टक्के रस्ता कर भरावा लागतो. सहा लाखांच्या गाडीला हेच ६६ हजार. त्यावर नोंदणी आणि विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तेव्हा हातात एम.एच. २८ ची पाटी येईपर्यंत एकूण किती, हे बाबवार लेखी घ्यावे. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते. बाहेरचा दर विचारून मगच ठरवावे. जादा सीट कव्हर, अत्तर, चकचकीत पट्ट्या यांवर सही करण्याची घाई नको.

कर्जाचे गणित आम्ही मुलीकडून करून घेतले. पाच लाख रुपये, साडेनऊ टक्के व्याज, उतरत्या शिलकेवर. पाच वर्षांसाठी हप्ता १०,५०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ३० हजार. सात वर्षांसाठी हप्ता ८,१७० आणि व्याज १ लाख ८६ हजार. हप्ता हलका दिसतो, पण ५६ हजार जास्त जातात. हेच साडेनऊ टक्के 'फ्लॅट' दराने लावले तर पाच वर्षांचे व्याज २ लाख ३७ हजारांवर जाते. म्हणून दर ऐकला की पहिला प्रश्न विचारावा, "उतरत्या शिलकेवर की फ्लॅट?" विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांला टेकलेल्या गाडीची किंमत निम्मी धरली जाते, हेही लक्षात घ्यावे. निम्म्या किमतीच्या गाडीचे पूर्ण हप्ते सातव्या वर्षापर्यंत फेडीत बसणे शहाणपणाचे नाही.

बाबांच्या निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले. ते पैसे त्यांच्या आणि आईच्या दुखण्या-खुपण्यासाठी आहेत. मुलीच्या शिक्षणाची ठेवही मोडायची नाही. हप्ता, पेट्रोल, विमा आणि देखभाल मिळून घरात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक जाऊ नये, ही आमची मर्यादा. प्रत्येक घराने आपली मर्यादा आधी ठरवावी आणि मग शोरूमची पायरी चढावी.

शेवटी काय घेतले?

वहीत दोन रकाने झाले होते. वॅगन आरच्या बाजूला आईचे गुडघे, डिकी, पेट्रोल, शांत इंजिन, गावोगाव मिळणारा मिस्त्री आणि सुटे भाग, आणि जुनी विकताना मिळणारा भाव. टियागोच्या बाजूला मजबुती, घाटातली स्थिरता आणि मागच्या बाकाची रुंदी. रकान्यांची लांबी पाहिली तर वॅगन आर जिंकली होती. आम्हीही तिकडेच झुकलो होतो, मुख्यतः आईसाठी.

निर्णय आईने फिरवला. ती म्हणाली, "माह्या गुडघ्याचं मी पाहीन. चढाले दोन मिनिटं जास्त लागले तं लागले. पन मांगं माही नात बसनार हाय. जे गाडी मजबूत, थेच घ्या." बाबांनी मान डोलावली. आम्ही टियागोचा मधला नमुना पेट्रोलमध्ये, हाताने गिअर बदलण्याचा, पाच वर्षांच्या कर्जावर घेतला. आईसाठी पुढच्या आसनावर एक जाड उशी शिवून घेतली आहे.

याचा अर्थ सर्वांनी हेच घ्यावे असा नव्हे. ज्यांचे धावणे शहरापुरते आहे, घरात दोन-तीन वृद्ध आहेत आणि पेट्रोलचा खर्च डोईजड होतो, त्यांना सहा एअरबॅगची वॅगन आर अधिक सोयीची ठरेल. रकान्यांतल्या मुद्द्यांची संख्या मोजून भागत नाही. कोणता मुद्दा किती वजनाचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी दिवसाउजेडी तपासावी. सतरा अक्षरांचा चासिस क्रमांक कागदाशी जुळवावा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. त्यावरून टायर किती जुने आहेत ते कळते. मागच्या तिन्ही जागांचे पट्टे ओढून पाहावेत. आणि घरातल्या किमान दोन माणसांनी, त्यांत एक तरी स्त्री असावी, रीतसर शिकून परवाना काढावा. चाळीसगावला लगाम न शिकलेल्या हाती गेला, कारण दुसरा हात मिळू दिला नव्हता. आज शिकण्याची वाट कुणी अडवलेली नाही. तेव्हा दारात गाडी उभी करण्याआधी ती चालवणारे हात तयार करा, आणि निघताना पट्टा बांधा. मागचासुद्धा.